मेहरौली पुरातत्त्वीय उद्यान : स्मारकांचे जतन आणि ‘उद्यान’ या संकल्पनेच्या मर्यादा

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तूंचे जतन हा विषय सामान्यतः तंत्राचा विषय समजला जातो. चुना कसा मळावा, ढासळू पाहणारी कमान कशी सावरावी, घुमटाच्या सांध्यांत रुजलेली पिंपळाची रोपे मुळासकट कशी काढावीत, असे प्रश्न त्यात अग्रभागी असतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्याही आधी आणखी एक प्रश्न उभा असतो आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते. जपावयाचे ते नेमके काय, हे कोण ठरविते आणि कोणत्या शब्दांत ठरविते, हा तो प्रश्न होय. जतनाची भाषा ही केवळ वर्णनाची भाषा नसते. ती भूमीवर सीमा आखते, काही वास्तूंना संरक्षण देते आणि काहींना त्या संरक्षणाच्या बाहेर ठेवते.

दक्षिण दिल्लीतील मेहरौली पुरातत्त्वीय उद्यान हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. कुतुब संकुलाला लागून दोनशे एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेल्या या उद्यानात लहानमोठे शंभरावर ऐतिहासिक अवशेष आहेत. प्रस्तुत लेखात या उद्यानातील जतनकार्याचा चिकित्सक विचार केला आहे. येथील जतनाने अनेक वास्तू वाचविल्या, ही गोष्ट निर्विवाद आहे. तथापि ‘उद्यान’ या संकल्पनेने या वास्तूंना ज्या पाण्याने, वस्तीने आणि श्रद्धेने एकत्र बांधले होते त्यांपासून वेगळे केले, आणि या वेगळेपणाची किंमत यादीबाहेरच्या वास्तूंना व तेथील माणसांना मोजावी लागत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

मेहरौलीचे ऐतिहासिक स्वरूप

दिल्लीच्या इतिहासात ‘सात शहरे’ असा उल्लेख वारंवार येतो. त्यांतील सर्वांत जुन्या शहराचे अवशेष मेहरौलीच्या परिसरात आहेत. अकराव्या शतकात तोमर राजा अनंगपाल याच्या काळात लालकोटची तटबंदी उभी राहिली. चौहानांच्या काळात तिचा विस्तार होऊन ती किला राय पिथौरा या नावाने ओळखली जाऊ लागली. ११९२ नंतर येथे तुर्की सत्ता आली आणि कुतुब संकुलाची उभारणी सुरू झाली. इल्तुतमिशने कुतुबमिनार पूर्णत्वास नेला, त्याचप्रमाणे हौज-ए-शम्सी हा मोठा तलाव बांधला. राजधानी पुढे सिरी, तुघलकाबाद, फिरोजाबाद, शाहजहानाबाद अशी सरकत गेली, परंतु मेहरौलीतील वस्ती कधी उठली नाही. ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा आणि योगमायेचे मंदिर ही दोन श्रद्धास्थाने या सातत्याला आधारभूत ठरली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या भूमीला आणखी एक संदर्भ आहे. महादजी शिंदे यांनी १७७२ मध्ये ज्या शाह आलम दुसरा या बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत आणले, आणि १७८८ मध्ये गुलाम कादिरने ज्याचे डोळे काढल्यानंतर शिंद्यांच्या फौजांनी पुन्हा दिल्ली घेतली, त्या बादशहाची कबर काकींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. मराठ्यांच्या उत्तर हिंदुस्थानातील राजकारणाचा एक महत्त्वाचा धागा असा मेहरौलीत येऊन थांबतो. उत्तरकालीन मोगलांनी मेहरौली हे केवळ दफनाचे स्थान मानले नव्हते. पावसाळ्यात दरबार येथे मुक्कामास येई. दुसऱ्या अकबरशहाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, ‘फूलवालों की सैर’ हा उत्सव सुरू झाला. त्यात फुलांचे पंखे योगमायेच्या मंदिरात आणि काकींच्या दर्ग्यात अशा दोन्ही ठिकाणी अर्पण केले जातात. १९४२ मध्ये इंग्रज राजवटीत बंद पडलेला हा उत्सव १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जवाहरलाल नेहरूंच्या प्रोत्साहनाने पुन्हा सुरू झाला.

या ऐतिहासिक रूपरेषेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मेहरौली हे ओसाड पडलेल्या राजधानीचे स्थळ नाही. तेथील मशिदी, मकबरे, तलाव, बावल्या आणि बाजार यांचा परस्परांशी संबंध होता आणि तो दीर्घकाळ टिकून राहिला. तेथील जतनकार्याचे मूल्यमापन करताना हा निकष बाजूला ठेवता येत नाही.

दोन व्याख्या, एक भूमी

मेहरौलीत उद्यानाच्या स्वरूपातील जतनकार्याला १९९७ मध्ये प्रारंभ झाला. भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास, म्हणजेच ‘इन्टॅक’ ही १९८४ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यात अग्रभागी होती. बरीचशी जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाकडे, काही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे, तर काही दिल्ली राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे अशी विभागणी येथे आहे. एकाच पायवाटेने चालणारा अभ्यागत अशा रीतीने दर काही पावलांवर वेगवेगळ्या अधिकारक्षेत्रांतून जात असतो.

२००७ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या बृहत् आराखड्यात या व्यवस्थेला नियोजनाची चौकट मिळाली. या आराखड्यात ‘वारसा क्षेत्र’ आणि ‘पुरातत्त्वीय उद्यान’ अशा दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. वारसा क्षेत्र म्हणजे ज्या ठिकाणी इमारतींचे समूह ऐतिहासिक वा सौंदर्यात्मक दृष्टीने परस्परांशी जोडलेले आहेत, ज्यांच्यात सातत्य आहे, असा प्रदेश. पुरातत्त्वीय उद्यान मात्र त्याहून वेगळे मानले आहे. वारशाशी निगडित अशी जमीन, जी अर्थबोध, शिक्षण आणि मनोरंजन यांसाठी लोकांना खुली करता येईल, ती पुरातत्त्वीय उद्यानात मोडते. मेहरौलीचा परिसर वारसा क्षेत्रांच्या यादीत आहे, आणि मेहरौली पुरातत्त्वीय उद्यान हे तुघलकाबाद व सुलतान घारी यांच्यासह पुरातत्त्वीय उद्यानांच्या यादीत आहे.

वरकरणी ही केवळ प्रशासकीय सोय वाटते. परंतु या दोन व्याख्या शेजारी ठेवून वाचल्या असता त्यांतील विरोध लक्षात येतो. पहिल्या व्याख्येत ‘सातत्य’ आणि ‘संबंध’ यांना स्थान आहे. दुसऱ्या व्याख्येत त्यांची जागा ‘शिक्षण’ आणि ‘मनोरंजन’ यांनी घेतली आहे. पहिल्या व्याख्येत राहणारा माणूस गृहीत धरलेला आहे, तर दुसरीत भेट देणारा. मेहरौलीचा दर्गा, बाजार आणि गल्ल्या पहिल्या व्याख्येत गेल्या. जमाली-कमाली, राजों की बावली आणि बलबनाचा मकबरा दुसऱ्या व्याख्येत आले. इतिहासात जे एकाच वस्तीचे अवयव होते, त्यांच्यामध्ये नियोजनाने कुंपण घातले.

या विभाजनाचा उगम केवळ २००७ च्या आराखड्यात शोधणे योग्य ठरणार नाही. त्याची मुळे वसाहतकालीन पुरातत्त्वविचारात आहेत. १९०४ च्या प्राचीन स्मारक जतन अधिनियमाने ‘स्मारक’ ही संकल्पना कायद्यात आणली. जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या जतनविषयक नियमपुस्तिकेने मूळ अवशेषाला हात न लावता त्याची झीज थांबविण्याचे तत्त्व रुजविले. हे तत्त्व आजही जतनशास्त्राचा पाया आहे. त्याच पुस्तिकेत वापरात असलेल्या, ‘जिवंत’ स्मारकांचा वेगळा विचार करून त्यांच्या बाबतीत अधिक दुरुस्तीची मुभाही दिली होती. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात हिरवळीने वेढलेले, निर्मनुष्य स्मारक हेच आदर्श चित्र ठरले. मेहरौलीच्या उद्यानाची कल्पनाही याच चित्राच्या छायेत वाढली आहे.

जतनकार्याचे साध्य

या कल्पनेची मर्यादा दाखविताना तिचे यश नाकारणे अन्यायाचे होईल. दक्षिण दिल्लीतील जमिनीचे मोल लक्षात घेता, उद्यान म्हणून घोषित झाली नसती तर ही भूमी मोकळी राहिली असती, असे म्हणणे कठीण आहे. उद्यान होण्यापूर्वी झुडपांनी वेढलेल्या अनेक वास्तूंपर्यंत पोहोचणेही अवघड होते. त्यांच्यापर्यंत वाटा झाल्या, दिशादर्शक फलक लागले आणि अभ्यासकांना व विद्यार्थ्यांना त्या प्रत्यक्ष पाहता येऊ लागल्या.

बलबनाचा मकबरा हे संयमित जतनाचे चांगले उदाहरण म्हणता येईल. गियासुद्दीन बलबनाचे निधन १२८७ मध्ये झाले. त्याच्या मकबऱ्यातील कमान पाचरीच्या दगडांनी रचलेली असून ती भारतातील खऱ्या कमानीचे सर्वांत जुने अवशिष्ट उदाहरण मानली जाते. याच्या आधीच्या वास्तूंमध्ये, कुतुब संकुलातील प्रारंभीच्या कामातही, कमानीचा आकार दगडांचे थर क्रमाने पुढे काढून साधलेला दिसतो. त्यामुळे बलबनाच्या मकबऱ्याचे महत्त्व त्याच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या रचनेत आहे. या वास्तूला आज छत नाही. कल्पनेने नवा घुमट बांधून ती ‘पूर्ण’ करण्याचा मोह येथे टाळला गेला. अभ्यासकाला जे पाहावयाचे आहे, म्हणजे दगडाशी दगड कसा बसविला आहे, ते या संयमामुळेच आज पाहता येते.

जमाली-कमाली या नावाने प्रसिद्ध असलेली मशीद आणि तिच्या लगतचा मकबरा हे उद्यानातील दुसरे महत्त्वाचे स्थान होय. शेख फजलुल्ला उर्फ जमाली हे लोदी आणि प्रारंभीच्या मोगल काळातील सूफी व कवी होते. १५२८-२९ च्या सुमारास त्यांचा मकबरा उभा राहिला, आणि १५३६ मध्ये त्यांचे निधन झाले. लोदी आणि मोगल या दोन शैलींमधील संक्रमण या मशिदीत वाचता येते. मकबऱ्याच्या आतील रंगीत गिलाव्याचे काम इतके नाजूक आहे की ते बंद ठेवावे लागते. त्यांच्या शेजारी चिरनिद्रा घेणारे कमाली कोण, याविषयी इतिहासात निश्चित उत्तर नाही. स्थानिक स्मृतीने मात्र ही दोन नावे वेगळी होऊ दिलेली नाहीत.

बावली आणि तिचे नाव

उद्यानाच्या संकल्पनेतील अंतर्विरोध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो राजों की बावली या वास्तूत. बावली म्हणजे आपल्याकडील बारव. या बावलीलगतच्या छत्रीवरील शिलालेखानुसार सिकंदर लोदीच्या कारकिर्दीत, हिजरी ९१२ म्हणजे इ. स. १५०६ मध्ये, दौलत खान याने ती बांधली. चार मजल्यांतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंच्या कमानींच्या ओवऱ्या आणि काठावरची लहान मशीद अशी तिची रचना आहे. पाणी भरणारा, वाटसरू आणि नमाजी अशा तिघांचीही सोय एकाच वास्तूत केलेली दिसते.

या बावलीचे प्रचलित नाव बांधविणाऱ्या सरदाराचे नाही. ‘राज’ म्हणजे गवंडी. एके काळी येथे वास्तव्य करणाऱ्या गवंड्यांवरून तिला हे नाव पडले. लोकस्मृतीने दौलत खानाला बाजूला ठेवून तेथे राहणाऱ्या कारागिरांचे नाव टिकविले, ही गोष्ट जतनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते गवंडी ‘अतिक्रमण करणारे’ ठरले असते. त्यांच्या चुली, त्यांची कपडे वाळत घालण्याची दोरी आणि त्यांची पोरेबाळे यांना संरक्षित स्मारकाच्या आवारात स्थान मिळाले नसते. आणि तरीही ज्या चुन्याच्या कामाचे ज्ञान जतनकार्याला आज शोधत फिरावे लागते, ते ज्ञान अशाच माणसांच्या हातांत होते.

इन्टॅकने २००४ मध्ये असंरक्षित वास्तुवारशाच्या जतनासाठी जी सनद स्वीकारली, तिने पारंपरिक कारागिरांच्या या ज्ञानपरंपरेला महत्त्व दिले आहे. वारसा केवळ दगडात नसून तो घडविणाऱ्या व सांभाळणाऱ्या हातांतही असतो, ही भूमिका त्या सनदेत आहे. मेहरौलीत मात्र या भूमिकेचा प्रवेश अंशतःच झाला. कारागीर दुरुस्तीपुरता येतो आणि काम संपल्यावर जातो. उद्यानाच्या कल्पनेत त्याला कायमचे स्थान नाही.

पाण्याचा विचारही याच प्रकारे उशिरा आला. बावली ही मुळात पाण्याची वास्तू आहे. तिचे मजले, तिची खोली, तिच्या ओवऱ्यांतील गारवा या सर्वांचा अर्थ पाण्याच्या पातळीशी बांधलेला आहे. पाणी नसलेली बावली पाहणाऱ्याला भव्य वाटते, पण ती कशासाठी होती हे त्याला फलकावर वाचावे लागते. २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड इंडिया आणि टीसीएस फाउंडेशन यांच्या सहकार्याने या बावलीचे जे जतनकार्य पूर्ण केले, ते या दृष्टीने निराळे आहे. त्यात गाळ काढणे, चुन्याच्या पारंपरिक साहित्याने दुरुस्ती करणे आणि पाण्याचा निचरा योग्य मार्गाने जोडणे यांबरोबरच पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्यात मासे सोडण्यात आले. बदलत्या हवामानाच्या काळात जुन्या जलव्यवस्थांकडून काही शिकता येईल, हा विचार या कामामागे होता. स्मारक हे पाहण्याची वस्तू नसून एक कार्य करणारी व्यवस्था आहे, हे येथे मान्य झाले. परंतु एका बावलीपुरते. हौज-ए-शम्सी, इल्तुतमिशच्या काळातील गंधक की बावली आणि राजों की बावली यांचा एक जलव्यवस्था म्हणून विचार व्हावयाचा असेल, तर तो उद्यानाच्या कुंपणाच्या आत राहून होणार नाही, कारण ही स्थळे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली आहेत.

मेटकाफची हवेली आणि ‘अतिक्रमण’ या शब्दाचा अर्थ

उद्यानातील एक वास्तू या संदर्भात विशेष विचार करावयास लावते. अधम खानाचा भाऊ कुली खान याचा अष्टकोनी मकबरा एकोणिसाव्या शतकात मोगल दरबारातील कंपनी सरकारचा प्रतिनिधी थॉमस मेटकाफ याने ताब्यात घेतला. कबरीभोवती खोल्या वाढवून त्याने तेथे पावसाळी निवासस्थान उभारले आणि त्याला ‘दिलकुशा’ असे नाव दिले. परिसरात त्याने शोभेच्या छत्र्या, पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा अशा रचना केल्या, आणि जुन्या वास्तूंना आपल्या बागेचे अलंकार बनविले. आज ‘मेटकाफची छत्री’ ही उद्यानातील छायाचित्रांची लोकप्रिय जागा आहे.

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. एका मकबऱ्यात घर थाटणे हे मेटकाफच्या बाबतीत वारसा ठरले, आणि नंतरच्या काळात मकबऱ्याच्या आश्रयाने राहणाऱ्या निर्धन कुटुंबाच्या बाबतीत ते अतिक्रमण ठरते. या दोहोंत फरक कोणता? १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वास्तू प्राचीन स्मारक ठरू शकते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने फरक काळाचा आहे. परंतु केवळ काळाने हा भेद पूर्णपणे समजत नाही. मेटकाफने केलेला बदल टिकून राहिला, कारण त्याच्यामागे सत्ता होती आणि त्याने तो दगडचुन्यात केला. सत्ता नसलेल्यांचे बदल पत्र्याचे व विटांचे असतात आणि ते शंभर वर्षे पूर्ण करण्यापूर्वीच हटविले जातात. मेटकाफची छत्री पाडावी, असा याचा अर्थ नाही. तीही मेहरौलीच्या इतिहासाचा भाग आहे. मात्र उद्यानात लावलेल्या फलकांनी या वास्तूचे वर्णन करताना तिच्या रम्यतेबरोबर तिचा हा अर्थही सांगितला पाहिजे.

यादीबाहेरची स्मारके

फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाने उद्यानाच्या परिसरातील लाढा सराय भागात बांधकामे पाडण्याची मोहीम हाती घेतली. पुरातत्त्वीय उद्यानाच्या जमिनीवरील अतिक्रमण हटविणे, हे तिचे घोषित कारण होते. आपल्याकडे नोंदणीकृत खरेदीखते आहेत, असे तेथील अनेक रहिवाशांचे म्हणणे होते. काही दिवसांतच ती मोहीम थांबविण्यात आली. या प्रसंगात जमिनीच्या मालकीचे गुंतागुंतीचे प्रश्न होते आणि त्यांचा निवाडा न्यायालयांचा विषय आहे. परंतु जतनाच्या अभ्यासकासाठी यातील लक्षणीय बाब अशी की, घरे पाडण्यासाठी ‘वारसा’ हा शब्द उपयोगात आला.

त्यानंतर वर्षभरात, ३० जानेवारी २०२४ रोजी, जवळच्या संजय वनात अखूंदजी मशीद, तेथील मदरसा आणि कबरी पाडण्यात आल्या. संजय वन हे राखीव वनक्षेत्र असून त्यातील बांधकामे अनधिकृत आहेत, अशी प्राधिकरणाची भूमिका होती. ही मशीद केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या यादीत नव्हती. परंतु ती नोंदीत नव्हती, असे म्हणता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातील मौलवी जफर हसन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत दिल्ली प्रांतातील स्मारकांची जी सविस्तर यादी तयार केली, तिच्यात या मशिदीचा उल्लेख असून हिजरी १२७० मध्ये, म्हणजे १८५३-५४ मध्ये, तिची दुरुस्ती झाल्याचे नमूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने या पाडकामाचा आधार कोणता, असे विचारून त्या जागेबाबत परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला. मशीद मात्र तोवर उरली नव्हती.

या दोन घटनांचे एकत्रित वाचन केले असता एक विसंगती समोर येते. एका ठिकाणी वारशाच्या रक्षणासाठी घरे हटविली जातात. दुसऱ्या ठिकाणी वनाच्या रक्षणासाठी वारसाच हटविला जातो. दोन्ही ठिकाणी भूमीवर प्रत्यक्ष काय उभे आहे याला दुय्यम स्थान मिळते आणि कागदावर त्या भूमीचे नाव काय आहे, उद्यान की वन, यावरून निर्णय होतो. शंभर वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने पायी फिरून केलेली नोंद निर्णयाच्या क्षणी कोणाच्याही मेजावर नव्हती, किंवा असूनही तिला वजन मिळाले नाही.

याच परिसरातील आशिक अल्लाह यांचा दर्गा आणि बाबा फरीद यांचे चिल्लागाह यांच्यासंबंधीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ही दोन्ही स्थाने केंद्रीय संरक्षित स्मारके नाहीत. तेथे रोज भाविक येतात आणि दिवे लावतात, हे पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने न्यायालयास सादर केलेल्या अहवालात मान्य केले. त्याचबरोबर अलीकडील बदलांमुळे या वास्तूंच्या ऐतिहासिकतेवर परिणाम झाल्याचेही नमूद केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तेथील दुरुस्तीवर देखरेख ठेवण्याचा विचार करावा, असे विभागास सांगितले. या प्रकरणातून जतनशास्त्रासमोरील मूलभूत पेच व्यक्त होतो. जे स्थान सतत वापरात राहते तेथे नवी फरशी बसते, नवा रंग लागतो, छत बदलते. म्हणजे ज्या श्रद्धेमुळे स्थान शतकानुशतके टिकले, त्याच श्रद्धेच्या खुणांमुळे ते कायद्याच्या दृष्टीने कमी ‘ऐतिहासिक’ ठरते. उलट, ज्या मकबऱ्याकडे कोणी फिरकले नाही त्याचे मूळ रूप अबाधित राहते आणि त्याला संरक्षण मिळते. जतनाचा निकष अशा प्रकारे नकळत विस्मृतीला बक्षीस देतो.

निजामुद्दीनचे उदाहरण

याला पर्याय नाही, असे मात्र म्हणता येत नाही. दिल्लीतच २००७ पासून आगा खान सांस्कृतिक न्यास, पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि अन्य शासकीय यंत्रणा यांच्या सहकार्याने हुमायूनचा मकबरा, सुंदर नर्सरी आणि निजामुद्दीन बस्ती या तिन्हींचा एकत्र विचार करणारा प्रकल्प राबविला गेला. त्यात स्मारकांच्या दुरुस्तीबरोबर बस्तीतील शाळा, दवाखाना आणि स्वच्छता यांवर काम झाले. २००८ मध्ये निजामुद्दीन बावलीचा काही भाग कोसळल्यानंतर तिची दुरुस्ती करताना बावलीवर घरे असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचाही विचार करावा लागला. सुंदर नर्सरी २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

हा प्रकल्प निर्दोष होता, असे नाही. मोठ्या देणगीदाराचे आर्थिक बळ प्रत्येक परिसराला मिळणे शक्य नाही, आणि प्रवेशशुल्क असलेली बाग शेजारच्या गरीब वस्तीची कितपत राहते, हा प्रश्नही उरतोच. तथापि बाग, स्मारक आणि बस्ती या तीन स्वतंत्र बाबी नसून एकाच परिसराची तीन अंगे आहेत, हे गृहीतक तेथे प्रारंभापासून होते. मेहरौलीत उणीव आहे ती या गृहीतकाची. तेथे दुरुस्तीचे कौशल्य कमी पडले नाही; परिसराकडे अखंडपणे पाहण्याची दृष्टी कमी पडली.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मेहरौली पुरातत्त्वीय उद्यानाने दाट वस्तीच्या महानगरात ऐतिहासिक अवशेषांसाठी मोकळी भूमी राखली आणि बलबनाच्या मकबऱ्यासारख्या ठिकाणी संयमित जतनाचा आदर्श घालून दिला. परंतु ‘शिक्षण आणि मनोरंजन’ यांवर आधारलेल्या व्याख्येमुळे या अवशेषांचा मेहरौलीच्या जिवंत वस्तीशी, जलव्यवस्थेशी आणि श्रद्धाजीवनाशी असलेला संबंध तुटला. संरक्षित आणि असंरक्षित ही विभागणी संरक्षणाचे साधन म्हणून केली गेली होती. प्रत्यक्षात ती असंरक्षित वास्तूंच्या विनाशाला अनुमती देणारी ठरू लागली आहे.

या स्थितीत बदल घडवावयाचा असेल तर उद्यान व वारसा क्षेत्र या दोन संज्ञांचा मेहरौलीपुरता तरी एकत्रित विचार व्हावयास हवा. जफर हसन यांच्या यादीपासून १९९९ मधील इन्टॅकच्या सूचीपर्यंत ज्या ज्या वास्तूंची नोंद झाली आहे, त्यांपैकी कोणतीही वास्तू तिची प्रत्यक्ष पाहणी आणि तज्ज्ञांचा लेखी अभिप्राय यांशिवाय पाडली जाऊ नये, असा नियम जमीन कोणत्याही विभागाची असली तरी लागू असावा. वापरात असलेल्या धार्मिक स्थानांसाठी ‘मूळ रूप’ या एकाच निकषाऐवजी वापराच्या सातत्यालाही मूल्य देणारा निकष स्वीकारला जावा. चुन्याचे काम जाणणाऱ्या कारागिरांना प्रसंगोपात्त मजुरीऐवजी देखभालीची कायम जबाबदारी देता येईल का, याचाही विचार व्हावा. स्मारकाची वर्षानुवर्षे होणारी किरकोळ डागडुजी ही दशकातून एकदा होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीपेक्षा कमी खर्चाची आणि वास्तूला कमी इजा करणारी असते.

राजों की बावलीत आज पुन्हा पाणी दिसते. तिच्या नावातील राज मात्र तेथे नाहीत. पाणी परत आणणे शक्य झाले, कारण पाण्याशिवाय बावलीला अर्थ नाही, हे जतनकर्त्यांनी ओळखले. माणसांच्या बाबतीतही तीच ओळख पटेल, तेव्हा मेहरौलीच्या जतनाला पूर्णता येईल.